विस्तव न पाहिलेली कॉफी

लॉन्ड्रीत तिला सगळे सांडशी म्हणतात. हे नाव कोणी ठेवलं ते आता कोणालाच आठवत नाही, पण का ठेवलं ते तिला कामावर पाहिलं की लगेच कळतं. वाफेच्या प्रेसखालून निघालेली चादर बाकीच्या बायका टोकांना धरून, स्स स्स करत, जागच्या जागी नाचत घडी करतात. ही बाई तीच चादर गार पाण्यातून काढल्यासारखी उचलते आणि शांतपणे घडी घालते. इस्त्री तापली का ते बघायला लोक पाणी शिंपडतात, ही सरळ बोट टेकवते. उभा जन्म वाफेत गेला, बोटांची टोकं चपलेच्या तळासारखी टणक झाली. तिला त्याचा अभिमान होता, आणि का नसावा? घरीसुद्धा उकळतं पातेलं ती नुसत्या हाताने काठाला धरून उतरवायची आणि नवरा दर वेळी ओरडायचा, "अगं, माणूस आहेस की कोण आहेस?"

ओरडायचा म्हणजे खरोखरच ओरडायचा. तो बसस्थानकावर माइकवरून गाड्या पुकारायचा. सगळं स्थानक त्याला भोंगा म्हणायचं. माइक बंद पडला तरी कोणाची गाडी चुकत नसे, इतका दांडगा आवाज. घरात मीठ मागितलं तर शेजारीण वाटी घेऊन दारात यायची, असं नणंद सांगायची. नणंदेला वाढवून सांगायची सवय आहे, पण यातलं निम्मं तरी खरं असावं. आणि या भोंग्याचं इंजिन चालायचं कॉफीवर. सकाळी बायकोच्या हातची, नंतर दिवसभर कँटीनची, आणि घरी आल्यावर कँटीनच्या कॉफीला शिव्या घालत पुन्हा बायकोच्या हातची.

मग घशात गाठ निघाली. तपासणीत साधीच ठरली, सगळ्यांच्या जीवात जीव आला. डॉक्टरीणबाईंनी ती काढली आणि दोन गोष्टी बजावल्या. मी सांगेपर्यंत बोलायचं नाही, आणि मी सांगेपर्यंत गरम काही घ्यायचं नाही. कोमट चालेल.

कोमट चालेल. आता बोला! कोमट म्हणजे किती, हे त्या घरात कोणी कोणाला कधी विचारलं होतं?

घरी आणल्यावर तिने भाज्यांचं पातळ सूप केलं, गाळलं, निवत ठेवलं आणि बोट बुडवून पाहिलं. तिच्या बोटाला ते कोमट लागलं. "घ्या, कोमटच आहे," ती म्हणाली. बायको म्हणते म्हणजे कोमटच असणार, म्हणून त्या भल्या माणसाने मोठा घोट घेतला. ओरडायची तर बंदी. तोंड उघडं, डोळ्यांतून धारा, आणि आवाज काही नाही. वाटीत रक्त पडलं तेव्हा कुठे तिला कळलं की आपण काय केलं.

पुन्हा दवाखाना. "हे कोणी दिलं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. तिने हात पुढे केला. बाईंनी तिची बोटं एकेक करून दाबून पाहिली आणि म्हणाल्या, "या बोटांना आता गरम कळत नाही हो. तुमचं कोमट ते आमचं कढत." रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, ही म्हण आपल्या सगळ्यांना पाठ आहे. भोंग्याला तर फुंकतासुद्धा येत नव्हतं, घसा दुखायचा. मग तो करंगळी बुडवायचा. बायकोने काहीही पुढे केलं की आधी स्वतःची करंगळी त्यात घालायची, थांबायचं, तिच्याकडे न बघता विचार करायचा, आणि बहुतेक वेळा पेला बाजूला सारायचा. फ्रिजमधल्या पाण्याच्या पेल्यातसुद्धा करंगळी! नणंदेने थर्मामीटर आणून दिला. तो खरं बोलत होता, पण होता तिच्याच हातात, त्याला काय करणार? विस्तवावर चढलेलं काहीही भोंगा घेईना. सूप नाही, पेज नाही, तापवून गार केलेलं दूधही नाही. त्याला कळत होतं सगळं, पण गिळायची वेळ आली की घसा मिटायचा.

त्याची गळ्याखालची हाडं वर आली. डॉक्टरीणबाईंनी पुढच्या खेपेला वजन पाहिलं आणि स्पष्ट सांगितलं, "असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल. काहीही प्या, पण पोटात जाऊ दे." नळी म्हटल्यावर सांडशी तासातासाला पेला पुढे करायला लागली. तिने आग्रह वाढवला, आणि आग्रह वाढला तशी करंगळीही जास्त वेळ पेल्यात राहू लागली.

लॉन्ड्रीतही तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. चादर उचलायला हात पुढे जायचा आणि मध्येच थांबायचा. आपल्याला कळत नाही म्हणजे आणखी काय काय कळत नसेल? लेक लहान असताना तिच्या अंगावर आपण कसलं पाणी घातलं असेल? ती लेक आता दूरच्या शहरात सुखाने नांदत होती, तिच्या अंगावर चटक्याचा एक डाग नाही, तरी आई इथे प्रेसपुढे उभी राहून तिच्या न झालेल्या जखमा मोजत होती. मन चिंती ते वैरीही न चिंती म्हणतात ते काही खोटं नाही. त्या नादात तिने एका हॉटेलचा पांढराशुभ्र टेबलक्लॉथ जाळला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

एका दुपारी ती कामावरून घरी आली तेव्हा भोंगा स्वयंपाकघरात पाठमोरा उभा होता. त्याने कॉफीचा डबा उघडला, नाक आत घालून वास घेतला, बराच वेळ घेतला, आणि झाकण लावून डबा जागच्या जागी ठेवला. ती दारातच थांबली. म्हणजे इच्छा मेली नव्हती! तिने घाईघाईने कॉफी केली, फ्रिजमध्ये ठेवून चांगली गारढोण केली आणि त्याच्यापुढे धरली. करंगळी बुडाली. गार होती. तरी त्याने मान हलवली आणि बोटाने शेगडीकडे दाखवलं. ही कॉफी त्या शेगडीवर उकळताना त्याने पाहिली होती.

"मग आमच्या ऑफिसातल्यासारखी कर ना," नणंद म्हणाली. धाकटी नणंद दोन गल्ल्या सोडून राहते आणि सल्ला द्यायला पायातली चप्पलही काढत नाही. "ती गार पाण्यातच मुरते, वहिनी. विस्तवाचं तोंडसुद्धा बघत नाही. त्यासाठी एक गाळणीची बरणी मिळते. पूड घाल, पाणी घाल, रात्रभर ठेव, सकाळी गाळ. झालं!"

सांडशीच्या डोळ्यांत पाणी आलं. विस्तव न पाहिलेली कॉफी! पण बरणी मात्र तिला पटेना.

"मला दोन्ही करणारं यंत्र हवंय," ती म्हणाली. "गारही आणि गरमही."

"अगं, दादाला गरम चालत नाही, त्यावरच तर रामायण झालंय! गरमचं काय करणार आहेस, पाय शेकणार आहेस?"

"आज चालत नाही. उद्या चालेल. नुसतं गारचंच घरात आणलं तर आपणच ठरवून टाकल्यासारखं होईल की हे आता जन्मभर गारच पिणार."

नणंदेने चप्पल काढली आणि खाली बसली, आणि हे वर्षातून एखाद्या वेळीच होतं. पण वहिनीने दुसरं कारण सांगितलंच नाही. गरम द्यायचा दिवस उजाडला तर ते यंत्राने द्यावं, आकडा बघून द्यावं, आपल्या हाताचा त्याच्याशी काही संबंध नको, हे ते कारण. ते तिने पोटातच ठेवलं.

ओट्यावर शेगडी आणि भिंत यांच्यामध्ये जेमतेम जागा होती. तिने लॉन्ड्रीतल्या सुतळीने ती मोजली, दोन गाठी मारल्या आणि सुतळी पर्समध्ये टाकून दोघी दुकानात गेल्या.

दुकानात यंत्रांची रांगच मांडलेली. विकणारी मुलगी हसतमुख होती, एका श्वासात दहा गुण सांगणारी. पहिलं यंत्र चांगलं लठ्ठ, सुतळीच्या दोन्ही गाठी ओलांडून बाहेर आलेलं. ते बादच. दुसरं देखणं होतं आणि गाठींच्या आत बसत होतं. "याला एकच बटण, काकू," मुलगी म्हणाली. "एकदा दाबलं की गरम, दोनदा दाबलं की गार. किती सोपं!"

सांडशी यंत्रापासून एक पाऊल मागे सरकली. "आणि दुसऱ्यांदा दाबायचं राहिलं तर?"

"राहील कसं, काकू?"

"दाराची बेल वाजते. दूध उतू जातं. फोन येतो. राहतं हो, सगळं राहतं." तिचा आवाज चढला तशी दुकानातली दोन-तीन माणसं वळून बघायला लागली. "यात गार करताना तरी पाणी तापत नाही ना?"

मुलीने यंत्र चालवून दाखवलं. दोनदा दाबलं. पेल्यात आधी बर्फ घातलेला, वरून धार पडली, आणि धारेबरोबर वाफ आली. म्हणजे करायची गरमच, आणि बर्फावर ओतून तिला गार म्हणायचं! "हे गार?" सांडशी म्हणाली. "हे तर चोराला सदरा घालून साव म्हणून उभं केलंय." नणंद खुदकन हसली. सांडशीला मात्र हसू येईना. एवढं सगळं आपण आधी विचारलं नसतं तर, हेच तिच्या डोक्यात घुमायला लागलं.

मुलीने समजुतीसाठी गरम कॉफीचा कागदी पेला पुढे केला. "घ्या काकू, पण काठाला धरा हं, फार कढत आहे." सांडशीने तो मुठीत धरला. धरूनच बोलत राहिली, झाकण घट्ट बसतं का, धुवायला सोपं का, गारसाठी पाणी कुठून जातं. बोलता बोलता तिच्या लक्षात आलं की मुलगी तिच्या मुठीकडे डोळे विस्फारून बघते आहे.

"काकू, तुम्हाला चटका नाही बसत?"

झालं. भर दुकानात, टोस्टर आणि मिक्सरच्या मध्ये उभी राहून ती बाई रडायला लागली. "नाही बसत गं," ती म्हणाली. "मला नाही बसत, म्हणून त्यांना बसला." नणंदेने तिच्या हातातून पेला काढून घेतला, तिला स्वतःला चटका बसला, तिने हाय हाय केलं, आणि मग मुलीला सगळी हकिगत सांगितली. या वेळी नणंदेने काही वाढवून सांगितलं नाही. त्याची गरजच नव्हती.

मुलगीही गुणाची. तिने पाठ केलेलं बोलणं थांबवलं आणि खालच्या फळीवरून एक छोटं, दिसायला साधं यंत्र काढलं. त्यात गारसाठी वेगळा काचेचा जग होता. आतला पंप तेच पाणी पुडीतून पुन्हा पुन्हा फिरवायचा, तापवायचा नाही. वेळ लागायचा, पण वाफ नाही. गरमसाठी जग काढून दुसऱ्या बाजूला पेला ठेवायचा, खटका मुद्दाम उलटा फिरवायचा, आणि पाणी किती तापलं त्याचा आकडा समोर दिसायचा. सांडशीने ते चालवून घेतलं. मग पुन्हा चालवून घेतलं. मुलीला यंत्राच्या अंगावर हात ठेवायला लावला, नणंदेला ठेवायला लावला. स्वतः ठेवला नाही. "गार आहे," दोघींनी शपथेवर सांगितल्यासारखं सांगितलं. सुतळी लावली, तर बरोबर दोन गाठींच्या मध्ये.

घरी येताच तिने पहिलं काम काय केलं असेल? गरमच्या खटक्यावर लॉन्ड्रीतली चिकटपट्टी लावली. एकावर एक तीन पट्ट्या.

भोंगा खुर्ची ओढून ओट्याजवळ बसला. तिने त्याच्या डोळ्यांदेखत पाकिटातली पूड घातली, नळाचं पाणी घातलं, शेगडीकडे पाठ केली. यंत्र गुरगुरायला लागलं. त्याने तळहात यंत्राला लावला आणि कॉफी होईपर्यंत काढला नाही. तिने ती पेल्यात ओतली, पिशवीतलं थंड दूध घातलं, साखर घालून ढवळलं आणि पेला त्याच्यापुढे सरकवला. "यात माझ्या हातचं काही नाही," ती म्हणाली. "सगळं यंत्राचं आहे."

हे ऐकताना त्याने तिच्याकडे एकदा पाहिलं. मग करंगळी बुडवली. थांबला. ती चाटली. आणि एक घोट घेतला, इवलासा. घसा वर गेला, खाली आला. दुसरा घोट. तिने ओट्याची कड इतकी घट्ट धरली होती की नखं पांढरी पडली. अर्धा पेला संपला तेव्हा ती न्हाणीघरात गेली आणि नळ सोडून मनसोक्त रडली.

तिथून गाडी रुळावर आली. कॉफीबरोबर दूध वाढलं, दुधात केळं कुस्करून जाऊ लागलं, मग गारच पण पातळ भात. नळीचा विषय निघेनासा झाला. पण करंगळी काही सुटली नाही, आणि तिचं वाक्यही सुटलं नाही. पेला पुढे केला की ती म्हणायचीच, "माझ्या हातचं नाही हो, यंत्राचं आहे." तो काही बोलू शकत नव्हता. नुसता बघायचा.

मग डॉक्टरीणबाईंनी एका सकाळी त्याच्या घशात बॅटरी मारून पाहिलं आणि हसल्या. "छान भरलंय. आता गरम घ्या, पण बेताने. बोलायलाही हरकत नाही. ओरडू नका म्हणजे झालं."

भोंग्याने मान डोलावली, पण बोलला नाही. बाहेर येताना बोलला नाही. रिक्षात बोलला नाही. सांडशी शेजारी बसून त्याच्या ओठांकडे बघत होती आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. परवानगी मिळाली तरी गप्प! म्हणजे आवाजच उरला नाही का? आपल्या त्या एका वाटीने याचा आवाज कायमचा नेला का? उद्या स्थानकावर दुसरंच कोणी गाड्या पुकारेल आणि हा बाकावर बसून ऐकेल का? विचारायची हिंमत होईना. विचारलं आणि उत्तर आलंच नाही तर?

घरी आल्या आल्या ती ओट्याकडे गेली. काहीतरी करत राहिलं म्हणजे भीती जरा लांब राहते. तिने तिन्ही चिकटपट्ट्या सोलल्या, जग काढून पेला ठेवला, पाणी भरलं, खटका उलटा फिरवला. आकडा चढायला लागला. डोळे त्या आकड्यावर रोवून ती उभी राहिली.

मागून हात आला आणि त्याने भिंतीवरचं बटण बंद केलं. आकडा विझला.

तिला वाटलं, संपलं. हा आता कधीच गरम पिणार नाही.

भोंगा टाचा उंचावून वरच्या फळीपर्यंत पोचला. तिथे तिने यंत्र आणलं त्या दिवशी कॉफीचं जुनं पातेलं उपडं घालून ठेवलं होतं. ते त्याने काढलं, नळाखाली धुतलं आणि तिच्यासमोर शेगडीवर ठेवलं.

"तुझ्या हातची कर," तो म्हणाला.

आवाज होता! गंजल्या कडीसारखा करकरत आला, पण त्याचाच होता. तिला एकदम हसू आणि रडू आलं आणि त्या दोन्हींतून ती भांडायलाच लागली. "माझ्या हातची? माझे हात कसे आहेत माहीत आहेत ना तुम्हाला? यंत्रावर आकडा दिसतो, माझ्या बोटांवर दिसत नाही! एवढं शोधून, सुतळीने मोजून, दुकानात रडून आणलंय ते—"

"कर."

तिने केली. पूड ओट्यावर सांडली. उकळी आली तेव्हा सवयीने हात पातेल्याच्या काठाकडे गेला आणि थांबला. तिने खण उघडला, लग्नात कोणीतरी दिलेली सांडशी आतून शोधून काढली आणि आयुष्यात पहिल्यांदा पातेलं त्या सांडशीने धरून उतरवलं. धरायचं कसं तेही नीट जमेना. कॉफी पेल्यात ओतली, दूध घातलं, निवायला ठेवली. निवली असेल का? आणखी थोडं थांबावं का? बोट बुडवून बघायचा तर प्रश्नच नव्हता. शेवटी तिने पेला उचलून त्याच्यापुढे धरला.

"आधी करंगळी बुडवा," ती म्हणाली. "अहो, तुम्हाला माझी शपथ आहे, बुडवा."

भोंग्याने दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एकमेकांत अडकवले, शाळेतल्या पोरासारखे. मग वाकला आणि तिच्या हातातल्या पेल्याला तोंड लावलं.

ती त्याच्या घशाकडे बघत होती. घसा वर गेला. खाली आला.

"भाजलं?"

त्याने मान हलवली. नाही. ओठ चाटून म्हणाला, "साखर विसरलीस."

"थांबा, घालते," ती म्हणाली, पण तिला हलता येईना, कारण तो पुन्हा वाकला होता. पेला रिकामा होईपर्यंत त्याने हात पुढे आणले नाहीत.